कुंडीतली कोथिंबीर

इंदूरच्या घरात सकाळचे पोहे कोथिंबिरीवाचून पुरे होत नाहीत. तरीही हौसेने कुंडीत धणे पेरणारे आपल्यापैकी अनेक जण लवकरच कंटाळतात. कारण बहुधा एकच: रोप जरा वाढते आणि लगेच फुलावर येते. दोष हाताचा नसतो, पेरणीची वेळ चुकलेली असते.

कोथिंबीर हे मुळात थंडीचे पीक. धण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गुना जिल्ह्यातल्या कुंभराजकडे धणे रब्बीतच पेरतात. थंडीत रोप पाने धरते; उन्हाळा लागला की त्याला बी धरण्याची घाई होते. म्हणून आपणही मुख्य पेरणी दसरा-दिवाळीच्या सुमारास करावी.

डब्यातले धणे चालतात, पण ते नवे आणि न भाजलेले हवेत. प्रत्येक धण्यात दोन बिया असतात. लाटण्याने हलकेच रगडून दोन भाग करावेत व रात्रभर पाण्यात भिजवावेत. कुंडी 6 ते 8 इंच खोल असावी, तळाला भोक असावे. मातीत शेणखत आणि थोडी वाळू मिसळावी. कोथिंबिरीचे मूळ सरळ खाली जाते, उपटून दुसरीकडे लावलेले रोप सहसा रुजत नाही. म्हणून थेट कुंडीतच पेरून वर अर्धा इंच माती पसरावी. ओल टिकली तर साधारण 8 ते 12 दिवसांत कोंब दिसतात, कडाक्याच्या थंडीत थोडे उशिरा.

सगळे धणे एकदम पेरू नयेत. तीन कुंड्या घ्याव्यात आणि त्या पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने पेराव्यात. पहिली कुंडी 30-40 दिवसांत खुडायला येते. बाहेरची पाने आधी काढावीत, मधला कोंब राखावा. पहिली कुंडी संपत आली की दुसरी तयार असते.

एप्रिल-मे महिन्यांत कुंडीला फक्त सकाळचे ऊन द्यावे आणि पाने कोवळी असतानाच कापावीत. तरीही एखादी कुंडी फुललीच, तर ती उपटू नये. फुलांवर मधमाश्या येतात, हिरव्या धण्यांची चटणी सुरेख होते आणि झाडावर वाळलेले धणे पुढच्या दसऱ्याला बियाणे म्हणून उपयोगी पडतात.