वाटेचे लेकरू आणि सहरीचे ताट

रमजान सुरू झाला की कुरुंद्यातल्या आणि वसमत परिसरातल्या अनेक मुस्लिम घरांत पहाटे चहाचे आधण ठेवण्याआधी फोन लागतो. मुलगा नांदेडला, लातूरला, पुण्याला वसतिगृहात असतो. "उठ्या क्या बेटा? कुछ खाया क्या?" आईचे प्रश्न दोनच. मुलगा झोपेतच 'हां अम्मी' म्हणतो. आईला ठाऊक असते, त्याने काल रात्री आणून ठेवलेले केळे आणि बिस्किटाचा पुडा एवढीच त्याची सहरी. मेस उघडते आठला, आणि सहरीची वेळ पाच-सव्वापाचला संपते.

हे झाले शंभर-दोनशे किलोमीटरवरच्या मुलाचे. ज्याचे घर समुद्रापलीकडे आहे, जो दुसऱ्या देशातून येऊन आपल्या महाराष्ट्रातल्या एखाद्या खासगी निवासी शाळेत राहतो, त्याचे काय? त्याला ना सुट्टीत दोन दिवस घरी जाता येते, ना त्याच्या घरून कोणी डबा घेऊन येऊ शकते. त्याची भाषा वेगळी, जेवण वेगळे, सणही बहुधा वेगळा. अशी मुले महाराष्ट्रात कालपरवा येऊ लागली असेही नाही. पिढ्यानपिढ्या येत आहेत.

पाचगणीचा परदेशी विद्यार्थी

सातारा जिल्ह्यातले पाचगणी म्हणजे निवासी शाळांचे गाव. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शाळा, संजीवन विद्यालय, मुंबईच्या अंजुमन-ए-इस्लाम संस्थेची शाळा, बहाई मंडळींनी १९४५ मध्ये सुरू केलेले न्यू एरा हायस्कूल. कृष्णेच्या खोऱ्यावरच्या त्या थंड पठाराशेजारी सगळ्या धर्मांनी आपापल्या शाळा वसवल्या आणि तिथे देशोदेशीची मुले आली.

त्यातला एक मुलगा साऱ्या जगाला माहीत आहे. फारुख बलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या झांझिबार बेटावर. घराणे पारशी, मूळचे गुजरातेतल्या वलसाडकडचे. वडील तिथे इंग्रज सरकारच्या नोकरीत. बेटावर लोकवस्ती बहुतांश मुसलमानांची. १९५५ मध्ये, जेमतेम आठ वर्षांचा असताना, आईवडिलांनी त्याला जहाजाने मुंबईला आणि तिथून पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत धाडले. छोट्या सुट्टीत झांझिबार गाठणे शक्य नसे. मग मुंबईत आजी आणि मावशी-आत्यांकडे राहायचे आणि पुन्हा घाट चढायचा.

पारशी मुलगा, ख्रिस्ती परंपरेची शाळा, मराठी मुलूख, आणि घर मुस्लिमबहुल बेटावर. एका लहानग्याच्या वाट्याला एवढे सगळे आले. पण शाळेने त्याचा कान ओळखला. त्याच्या पियानो शिकण्याची सोय झाली. शाळेतल्या पाच मुलांनी 'हेक्टिक्स' नावाचा वाद्यवृंद काढला, त्यात हा पियानो वाजवायचा. त्या पाचांत आणखी एक परदेशी होता, नेपाळचा व्हिक्टरी राणा. तो पुढे नेपाळच्या सैन्यात जनरल झाला आणि संयुक्त राष्ट्रांच्या सायप्रसमधल्या शांतिसेनेचे नेतृत्व त्याने केले. झांझिबारच्या फारुखला शाळासोबती 'फ्रेडी' म्हणू लागले. १९६४ मध्ये झांझिबारात क्रांती झाली, बलसारा कुटुंब जीव वाचवून इंग्लंडला गेले आणि तिथे हा मुलगा फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगभर गाजला.

त्याच्या १९७५ मधल्या सर्वांत प्रसिद्ध गाण्यात 'बिस्मिल्लाह' हा शब्द ऐकू येतो, हे आमच्या महाविद्यालयातल्या मुलांना सांगितले की ती लगेच मोबाइल काढून शोधू लागतात. मला मात्र दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी लंडनमध्ये तो वारला, तेव्हा त्याचे अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले. ख्रिस्ती शाळेत इतकी वर्षे राहूनही त्याच्या घराचा धर्म पुसला गेला नव्हता. निवासी शाळेने मुलाला नवे नाव द्यावे, नवे सूर द्यावेत, पण त्याच्या आईने दिलेले काढून घेऊ नये. परदेशी मूल ठेवून घेणाऱ्या प्रत्येक शाळेची खरी परीक्षा हीच आहे.

मदिनेचा ओटा

इस्लामच्या इतिहासात निवासी शिक्षणाची पहिली मोठी खूण मदिनेत सापडते. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांच्या मशिदीला लागून एक छप्पर घातलेला ओटा होता. त्याला 'सुफ्फा' म्हणत. ज्यांना मदिनेत घर नाही, नातलग नाहीत, ते तिथे राहत, कुरआन शिकत, पैगंबरांजवळ बसून प्रश्न विचारत. त्यांना 'असहाबे सुफ्फा', म्हणजे ओट्यावरचे साथी, असे म्हटले जाते. हदीस सांगणाऱ्यांत ज्यांचे नाव सर्वांत अधिक येते ते हजरत अबू हुरैरा (रजि.) याच ओट्यावरचे, ते येमेनकडच्या दौस जमातीतून आलेले.

या मुक्कामाची मेस कशी चालत असे? स्वतंत्र स्वयंपाकघर नव्हते. पैगंबरांची शिकवण अशी होती की ज्याच्या घरी दोघांपुरते अन्न आहे, त्याने ओट्यावरच्या एकाला तिसरा म्हणून सोबत न्यावे. चौघांपुरते असेल त्याने पाचव्याला न्यावे. म्हणजे बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याची भूक ही त्या एकट्याची राहिली नाही, ती साऱ्या वस्तीची झाली.

मराठी वाचकांना यात काहीच नवल वाटणार नाही. आपल्याकडे 'वार लावून' जेवणारे विद्यार्थी होते. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, असे सात दिवस सात घरे सांभाळत आणि त्यावर शिक्षण पुरे होई. ती रीत जातीच्या चौकटीत अडकलेली होती, ही तिची मर्यादा. ती चौकट मोठी करण्याचे काम वसतिगृहांनी केले. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून एकेका समाजासाठी बोर्डिंगे उभी केली. मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी १९०६ मध्ये मोहमेडन एज्युकेशन सोसायटी निघाली, तिलाही त्यांचा आधार होता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ मध्ये सुरू केलेल्या बोर्डिंगात सर्व जातिधर्मांची मुले एकाच पंगतीत बसवली. मुलांच्या जेवणासाठी पैसे कमी पडले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रसुद्धा, पुढे केले. परक्या लेकरांची चूल पेटती राहावी म्हणून एका माउलीने केलेला तो त्याग कुठल्याही धर्माच्या वाचकाला समजतो.

मुसाफिर की मुकीम?

रमजानच्या आदेशातच प्रवाशाची आठवण आहे. कुरआनच्या सूरह बकरामध्ये रोजे फर्ज केल्याचा आदेश आहे, तिथेच आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलत आहे. त्यांनी सुटलेले रोजे नंतर पूर्ण करायचे. सूरह तौबामध्ये जकात कोणाला द्यावी त्या आठ प्रकारच्या लोकांची यादी आहे. तिच्या शेवटी येतो 'इब्नुस्सबील'. शब्दाचा सरळ अर्थ 'वाटेचा पुत्र'. आपल्या बोलीत म्हणायचे तर वाटेचे लेकरू. घरी तो सधन असेल, पण वाटेत अडकला, हातात काही उरले नाही, तर त्याचाही हक्क आहे.

मग दुसऱ्या देशातून आलेला निवासी शाळेतला मुलगा प्रवासी म्हणायचा का? हनफी मतानुसार, एका ठिकाणी १५ दिवस किंवा त्याहून जास्त राहण्याचा इरादा केला की माणूस मुसाफिर राहत नाही, 'मुकीम' होतो. तेव्हा वयात आलेल्या, धडधाकट अशा विद्यार्थ्याला प्रवासाची सवलत नाही. त्याने रोजा ठेवायचा आहे. नेमकी अडचण इथेच आहे. नियमाने तो रहिवासी, मनाने मात्र अजून वाटेवरचा. त्याला उठवायला आई नाही, मशीद दूर, वर्गात रोजा धरणारा कदाचित तो एकटाच. गेली काही वर्षे रमजान ऐन परीक्षांच्या दिवसांत येतो आहे, ते वेगळेच. सवलत संपली, तिथून यजमानाची जबाबदारी सुरू होते.

सरकारी कागदांत या मुलाची नोंद चोख असते. परदेशी नागरिक मुक्कामाला आला की ठेवून घेणाऱ्या संस्थेला २४ तासांच्या आत तसे कळवावे लागते. १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आलेल्याने १४ दिवसांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे नाव नोंदवायचे असते. पासपोर्ट, व्हिसा, छायाचित्र, सगळे विचारले जाते आणि ते योग्यच आहे. पण 'तू सहरीला काय खातोस' हा रकाना कुठल्या फॉर्ममध्ये नसतो. तो शाळेने स्वतःच्या हाताने आखायचा असतो.

एकाच खोलीत चार देश

पुणे जिल्ह्यात मुळशीच्या डोंगरात १९९७ पासून महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. अकरावी-बारावीच्या वयाची, जगभरातल्या डझनावारी देशांची मुले तिथे दोन वर्षे राहून शिकतात. फी मोठी, पण देशोदेशीच्या समित्या मुले निवडतात आणि अनेकांना शिष्यवृत्ती मिळते. वेगवेगळ्या देशांची मुले मुद्दाम एका खोलीत ठेवायची, ही या चळवळीची रीत. तिचे पहिले महाविद्यालय १९६२ मध्ये वेल्समध्ये निघाले. त्यामागची कल्पना कुर्ट हान यांची. हान ज्यू घराण्यातले जर्मन शिक्षक. हिटलरला विरोध केला म्हणून १९३३ मध्ये तुरुंगात गेले आणि मग देश सोडून इंग्लंडला आले. ज्याला स्वतःला परक्या देशाने आसरा दिला, त्याने परक्या मुलांना एकत्र राहण्याची शाळा दिली.

अशा खोलीत रमजान आला की काय होत असेल, ते कोणीही समजू शकेल. एकाचा गजर पहाटे चारला वाजतो, उरलेल्या तिघांची झोप मोडते. तिथे शिक्षण सुरू होते. रोजा ठेवणाऱ्याने गजर हळू लावायचा, दिवा अंगावर न घेता बाहेर जेवायचे. उरलेल्यांनी 'पाणीसुद्धा नाही?' असे दिवसातून दहादा विचारायचे नाही. पुढे दिवाळी येते, नाताळ येतो, आणि आता समजून घेण्याची पाळी दुसऱ्याची असते. ही गोष्ट मुस्लिम संस्थांनाही लागू आहे. आपल्या वसतिगृहात दुसऱ्या धर्माचे मूल असेल, तर रमजानातही त्याला दुपारचे गरम जेवण वेळेवर, संकोच न वाटता मिळाले पाहिजे. रोजा आपला आहे, उपाशीपण त्याच्यावर लादायचे नाही.

आपल्या दारातला परका

पाचगणी आणि मुळशी कुरुंद्यापासून फार दूर आहेत, त्यांची फीसुद्धा आपल्या हळद-सोयाबीनच्या हिशेबात बसत नाही. पण परका विद्यार्थी फक्त विमानाने येत नाही. तालुक्याच्या गावी खोली शोधणाऱ्या मुलाला भाड्याआधी आडनाव विचारले जाते. आमच्या मोहल्ल्यांतही बाहेरून आलेल्याला आधी जमात, मसलक विचारणारे आहेत. दोन्हींकडे दार सारखेच अर्धे उघडते. ज्या घराने शेजारच्या तालुक्यातून आलेल्या मुलाला परका मानले, ते घर झांझिबारहून आलेल्याला काय आपले मानणार?

आपल्याच हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीचे संत नामदेव महाराज पंजाबात गेले, घुमान गावी राहिले, आणि तिथल्या लोकांनी त्यांना इतके आपले केले की त्यांची ६१ पदे गुरु ग्रंथ साहिबमध्ये विराजमान झाली. आपल्या मातीतल्या माणसाला दूरच्या मुलखाने दिलेला तो मान आहे. त्याची परतफेड आपण आपल्या दाराशी आलेल्यांना करू शकतो.

करायचे ते फार थोडे आहे. वसतिगृहाच्या अधीक्षकांनी रमजानपूर्वी एकदा विचारावे, रोजा ठेवणारी मुले किती? रात्रीच्याच स्वयंपाकातून पोळी-भाजी झाकून ठेवली आणि पहाटे चहा-दूध गरम करण्यापुरती शेगडी उघडी ठेवली, तरी सहरी होते. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास अभ्यासिकेतून दहा मिनिटांची सूट दिली, तर इफ्तार होतो. गावातल्या मुस्लिम कुटुंबांनी घरच्या दस्तरखानावर एका बाहेरगावच्या विद्यार्थ्याची जागा महिनाभर राखावी. रोजेदाराला इफ्तार देणाऱ्याला त्या रोज्याइतकेच पुण्य मिळते, आणि रोजेदाराचे काही कमी होत नाही, ही पैगंबरांची शिकवण आपण सगळे ऐकत आलो आहोत. जकातीतून मदत करायची असेल तर मूल खरोखर गरजू आहे का ते पाहावे आणि आलिमांना विचारून द्यावे. आणि हिंदू, बौद्ध, जैन शेजाऱ्यांनी आपल्या भाडेकरू मुलाला पहाटे एकदा दार वाजवून उठवले, तरी त्याच्या आईची दुआ थेट त्यांच्या घरी पोहोचेल.

सर्व वाचकांना रमजानच्या शुभेच्छा. अल्लाह प्रत्येक वाटेवरच्या लेकराला एक उघडे दार देवो.