‘हर्पीस’ : शब्द आणि संख्या

एखाद्या रोगाचे समाजातील प्रमाण मोजावयाचे, तर ज्याला प्रश्न विचारावयाचा त्याच्या मनात व विचारणाऱ्याच्या मनात त्या रोगाच्या नावाचा अर्थ एकच असला पाहिजे. जननांगाच्या हर्पीसच्या बाबतीत ही अट क्वचितच पुरी होते. संततिक्षम वयातील स्त्रियांच्या दृष्टीने ही गोष्ट केवळ कोशकारांच्या चर्चेची नव्हे.

‘हर्पीस’ हा शब्द ‘सरपटणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूपासून आला आहे. मूळ भारोपीय भाषेतील आद्य ‘स’ ग्रीकमध्ये ‘ह’ होतो. ‘सप्त’ व ‘हेप्ता’ ही जोडी प्रसिद्धच आहे. त्या न्यायाने ‘हर्पीस’, ‘सर्प’ आणि आयुर्वेदातील ‘विसर्प’ ही एकाच धातूची अपत्ये ठरतात. मराठीने ‘नागीण’ हा शब्द स्वतंत्रपणे घडविला, तरी कल्पना तीच. परंतु नागीण म्हणजे हर्पीस झोस्टर. तो कांजिण्यांच्या विषाणूमुळे होतो. जननांगाचा हर्पीस होतो तो हर्पीस सिम्प्लेक्स या निराळ्या विषाणूमुळे. त्याचा दुसरा प्रकार मुख्यतः लैंगिक संबंधातून पसरतो. पहिला बहुधा ओठांवर आढळतो, पण जननांगासही होऊ शकतो. अर्थात ‘हर्पीस झाला होता काय?’ याचा अनुवाद नागिणीने केल्यास होकार व नकार दोन्ही निरुपयोगी ठरतात.

शब्द अचूक असला तरी अडचण संपत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य व पोषण पाहणीत १४ ते ४९ वर्षे वयाच्या लोकांच्या रक्तातील प्रतिपिंडे तपासली गेली. २०१५-१६ मध्ये दुसऱ्या प्रकाराचे प्रमाण स्त्रियांत शेकडा १५.९ व पुरुषांत ८.२ आढळले, पुरुषाकडून स्त्रीकडे संसर्ग अधिक सहज होतो, हे या तफावतीचे एक कारण होय. त्याच पाहणीच्या २००७-१० च्या आकड्यांनुसार बाधितांपैकी शेकडा ८७.४ जणांना कोणत्याही डॉक्टरने या रोगाचे निदान सांगितलेले नव्हते. लक्षणे सौम्य असतात किंवा नसतातच. म्हणजे केवळ विचारून केलेल्या गणनेत आठांपैकी सुमारे एकच बाधित सापडेल. उलट, पहिल्या प्रकाराची प्रतिपिंडे संसर्ग ओठांवर की जननांगास हे सांगत नाहीत. म्हणून रक्तपरीक्षेचा आकडाही पूर्ण चित्र देत नाही.

या अज्ञानाचे मोल प्रसूतीच्या वेळी कळते. गर्भारपणाच्या अखेरीस प्रथमच संसर्ग झाल्यास नवजात अर्भकाला बाधा होण्याचा धोका शेकडा ३० ते ५० असतो. संसर्ग जुना असल्यास आईची प्रतिपिंडे बाळाचे रक्षण करतात व धोका शेकडा एकाहून कमी राहतो. अखेरच्या आठवड्यांत असायक्लोव्हिर देता येते; प्रसूतीसमयी व्रण असल्यास शस्त्रक्रियेने प्रसूती करतात. तेव्हा जिला आपला जुना रोग ठाऊक आहे, तिने भिण्याचे फारसे कारण नाही. तिने तो डॉक्टरांना सांगितला म्हणजे झाले. खरी सावधगिरी हवी ती संसर्ग न झालेल्या गर्भवतीने, आणि तिच्या पतीनेही.

पण सांगावयास शब्द हवा. ‘गुप्तरोग’ हा शब्द रोगापेक्षा रोग्यालाच अधिक लपवितो, आणि ‘नागीण’ दुसऱ्याच रोगाकडे बोट दाखविते. ‘जननांगाचा हर्पीस’ ही योजना रुक्ष खरी. पण तीत दोष देणे नाही आणि संदिग्धताही नाही. प्रश्नावली रचणाऱ्याने व रुग्णाशी बोलणाऱ्या डॉक्टरने ती निःसंकोचपणे वापरावी.