गळती झाली तर भरपाई कोणाची?

भोपाळमध्ये 1984च्या डिसेंबरात वायू गळला, तेव्हा पीडितांना तातडीने पैसे देणारी व्यवस्थाच देशात नव्हती. त्यातून 1991चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा आला. घातक रसायने ठरावीक मर्यादेपलीकडे हाताळणाऱ्या कारखान्याला हा विमा सक्तीचा आहे. हप्त्याइतकीच आणखी रक्कम मालकाला पर्यावरण मदत निधीत भरावी लागते.

या कायद्याचा खरा आधार असा, की चूक कोणाची हे पीडिताला सिद्ध करावे लागत नाही. अपघातानंतर 5 वर्षांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. निकाल शक्यतो 3 महिन्यांत लागावा, असे कायदा म्हणतो. मूळ कायद्यात मृत्यूसाठी ठरवलेली मदत मात्र जेमतेम 25 हजार रुपये होती. ती घेऊनही जादा भरपाईसाठी न्यायालयात जाता येते, आणि हे गावकऱ्यांना कोणीतरी सांगायलाच हवे.

कारखान्यातले कामगार यात येत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा कायदा आहे. वर्षानुवर्षे विहिरीत झिरपणाऱ्या सांडपाण्याचे काय? नेहमीच्या व्यावसायिक पॉलिसीत असे संथ प्रदूषण सहसा वगळलेले असते. त्यासाठी स्वतंत्र संरक्षण घ्यावे लागते.