पोवाडा दिसतो कसा?

नेसरीच्या खिंडीत २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरसेनापती प्रतापराव गुजर अवघ्या सहा स्वारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले. शाहीर हा प्रसंग गातो तेव्हा घोडे दिसतात, उडालेली धूळ दिसते. पण पोवाड्याचा आवाज? तोही दिसतो, स्पेक्ट्रोग्रामवर. काळ डावीकडून उजवीकडे सरकतो, स्वराची उंची खालून वर जाते, आवाजाचा जोर रंगातून कळतो.

शाहिराच्या साथीतल्या तुणतुण्याची तार २०० हर्ट्‌झला लावलेली असेल तर ४००, ६००, ८०० अशा सारख्या अंतरावर रेषा उमटतात. शिडीच्या पायऱ्याच जणू. डफाला ही शिडी नाही. गोल ताणलेल्या कातड्याची कंपने १, १.५९, २.१४, २.३० अशा आडनिड्या प्रमाणात असतात; थापेचा उभा पट्टा उमटतो आणि लगेच विरतो. तबला-मृदंगाच्या कातड्यावरील शाईने, म्हणजे काळ्या लेपाने, आडनिड्या प्रमाणाचा हा अडसर दूर केला. सी. व्ही. रामन यांनी मृदंगावर वाळू भुरभुरून कंपनांच्या आकृत्या मिळवल्या आणि १९३४ च्या निबंधात दाखवले, की शाईच्या वजनामुळे कातड्याची नऊ कंपने पाच सुरेल पायऱ्यांवर येऊन बसतात. कारागिरांनी हे केवळ कानाने साधले होते!

चिनी ऑपेरातल्या काशाच्या थाळ्यांचे चित्र आणखी वेगळे. मोठ्या थाळीचा मधला भाग सपाट असतो; जोराच्या ठोक्याने तिचा ताण वाढतो, स्वर चढा सुरू होऊन खाली घसरतो. लहान थाळीचा मधला भाग फुगीर, तिचा स्वर उलट वर चढतो. पडद्यावर एक रेषा उतरते, दुसरी चढते. ध्वनीचे चित्र काढायचे तर आकार असा ध्वनीतूनच मिळतो. त्यात कोणता रंग भरायचा, ते मात्र परंपरा सांगते: त्या रंगभूमीवर निष्ठावान ग्वान यूचा चेहरा लाल, कपटी त्साव त्सावचा पांढरा.

आवाज वाढला की रंगीत पट्ट्या उड्या मारतात, अशी संगणकी चित्रे पुष्कळ निघतात. त्यांत संगीत फारसे नसते. आकार नादातून आणि रंग मातीतून घेतला, तरच चित्र बोलते.

नेसरी-गडहिंग्लजच्या मुलांनो, गावातल्या शाहिराला विचारून त्याचा पोवाडा मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. स्पेक्ट्रोग्राम दाखवणारी ॲप फुकट मिळतात. शिडी कुठे आणि पट्टा कुठे, ते स्वतः शोधा. मग भगवा कुठे भरायचा, ते तुम्हीच ठरवा.