मिरचीचे तिखट, मिरचीचा रंग आणि पवनीकडचा स्वयंपाक

भंडारा जिल्ह्याच्या दक्षिणेकडचा पवनी तालुका आणि त्याला लागून असलेला नागपूर जिल्ह्यातील भिवापूर तालुका हा मुळात धानाचा मुलूख असला, तरी बाजारात त्याला मिरचीनेही नाव मिळवून दिले आहे. ‘भिवापुरी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मिरचीला २०१६-१७ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी जोडलेल्या गुणांमुळे त्या नावाला मिळणारे कायदेशीर संरक्षण, मिळाले. या मिरचीची ख्याती जाड सालीसाठी आणि गडद लाल रंगासाठी आहे. तिखटपणात तिच्यावर मात करणाऱ्या जाती पुष्कळ आहेत. मिरचीचे मोल केवळ तिच्या जळजळीवर ठरत नाही, हे या भागातील स्वयंपाकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे, आणि घरच्या घरी चटणी, ठेचा किंवा बाटलीतला सॉस करू पाहणाऱ्याने सर्वांत आधी हेच समजून घ्यायला हवे.

मिरचीत तिखट, रंग आणि स्वाद या तीन वेगळ्या गोष्टी नांदतात. तिखटपणा येतो तो कॅप्सेसिन या द्रव्यामुळे. ते मिरचीच्या आतील पांढुरक्या शिरेत, म्हणजे ज्या गराला बिया चिकटलेल्या असतात त्या भागात तयार होते. बिया तिखट असतात हा समज सर्वत्र रूढ असला, तरी बियांना केवळ शेजारच्या शिरेतले तिखट लागलेले असते. म्हणून तिखटपणा उतरवायचा असेल तर नुसत्या बिया झटकून भागत नाही, मिरची उभी चिरून ती शीर खरवडून काढावी लागते. लाल रंग कॅप्सँथिन या वेगळ्या द्रव्याचा असतो आणि ते पिकलेल्या फळाच्या सालीत साठते. साहजिकच जाड सालीची, मध्यम तिखट मिरची वापरणाऱ्याला रश्शाला रंग आणि दाटपणा हवा तितका देता येतो, आणि जेवणाराचे तोंडही पोळत नाही.

हे फळ मूळचे अमेरिका खंडातले. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या जहाजांतून ते भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले. त्यापूर्वी इथल्या जेवणाला तिखटपणा मिरे, पिंपळी आणि आले यांच्यापासून मिळत असे. तिखटपणा मोजण्याची पहिली सर्वमान्य पद्धत अमेरिकेतील औषधशास्त्रज्ञ विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ मध्ये मांडली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात इतका पातळ करीत जायचा की चाखणाऱ्यांना तिखट लागेनासे व्हावे, आणि त्यासाठी जितके पट पाणी लागले तितका त्या मिरचीचा अंक, अशी ती रीत होती. ढोबळी मिरचीचा अंक शून्य येतो, तर ईशान्य भारतातल्या भूत जोलोकियाचा दहा लाखांपलीकडे जातो. तिखट ही खरे तर चवच नव्हे. शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले की कॅप्सेसिन मज्जातंतूंवरील ज्या ग्राहीला जाऊन चिकटते, तीच ग्राही सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वरची दाहक उष्णता मेंदूला कळवते. या संशोधनासाठी ज्युलियस यांना २०२१ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. वैशाखात पारा याच्या वर चढणाऱ्या भंडाऱ्यात तिखट जेवताना घाम का फुटतो, याचे उत्तर यातच आहे.

कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र सहज विरघळते, आणि स्वयंपाकातील बहुतेक रीती या एका गुणधर्मावर उभ्या आहेत. जीभ पोळल्यावर पाणी पिऊन आराम पडत नाही. दूध, दही किंवा ताक घेतल्याने पडतो, कारण दुधातील केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला बांधून जिभेवरून दूर नेते. सांडग्या मिरचीतही हाच मेळ साधलेला दिसतो: जाड मिरच्या चिरून, मीठ-मसाला भरून, दह्यात किंवा ताकात मुरवून उन्हात वाळवल्या जातात आणि तळून पानात वाढल्या जातात, तेव्हा त्यांचा तिखटपणा बोथट झालेला असतो. रंगही तेलातच उतरत असल्यामुळे फोडणीत तिखट घालण्याची वेळ सांभाळणे फार महत्त्वाचे ठरते. तेल धुरावले असताना घातलेले तिखट क्षणात करपून काळे आणि कडू होते, म्हणून जाणत्या गृहिणी कढई आचेवरून उतरवून तिखट घालतात आणि लगेच पाण्याचा हबका किंवा वाटण देतात. हलबा-कोष्टी विणकरांच्या घरांतून पुढे आलेल्या सावजी रश्शावर तरंगणारी लाल तर्री याच रीतीने जमते. विणकरांच्या या स्वयंपाकात पूर्वापार जवसाच्या तेलाला मान आहे, आणि जवस हे पूर्व विदर्भाच्या शेतातलेच पीक आहे.

हे तिखट घरात पोचण्यापूर्वी कितीतरी हातांतून जाते. पवनी-भिवापूर पट्ट्यात मिरचीचे सातरे लागतात. सातरा म्हणजे वाळलेली मिरची पसरून तिचे देठ खुडण्याची व माल निवडण्याची जागा. तोंडाला दुपट्टा किंवा पदर बांधून बाया ढिगाभोवती बसतात, एकेक मिरची उचलून अंगठ्याच्या नखाने देठ मोडतात, फटकी म्हणजे रंग उडालेली मिरची बाजूला टाकतात, आणि हातांची आग घरी गेल्यावरही शमत नाही. पाण्याने हात धुतल्याने हे तिखट निघत नाही; आधी तेल चोळून मग साबण लावला तरच ते सुटते, आणि एवढी साधी सोय प्रत्येक सातऱ्यावर असायलाच हवी. मिरचीच्या दर्जाविषयी बोलताना या श्रमांचा उल्लेख टाळणे योग्य होणार नाही.

घरच्या प्रयोगाची सुरुवात ठेच्यापासून करावी. हिरव्या मिरच्या तव्यावर थोड्या तेलात डाग पडेपर्यंत भाजायच्या, त्यांत लसूण आणि जाडे मीठ घालायचे, आणि तव्यातच तांब्याच्या बुडाने रगडायचे. हवे तर भाजलेले शेंगदाणेही त्यात जातात. भाजल्यामुळे हिरवटपणा मरतो आणि सालीला खमंगपणा येतो. ठेचल्याने मिरचीचे तुकडे राहतात, त्यामुळे प्रत्येक घासाला तिखट कमी-जास्त लागते आणि खाण्याची गोडी टिकते, तर मिक्सरमध्ये तिचा लगदा होऊन सगळीकडे एकसारखी जळजळ पसरते. ठेच्यासाठी मिक्सर वापरू नये हा आग्रह त्यामुळे निव्वळ जुन्याच्या प्रेमापोटी केलेला नाही.

मेक्सिकोतील साल्सा हा या रीतीचा दूरचा भाऊ आहे. तिथे टोमॅटो, मिरची, लसूण आणि कांदा तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजून काळ्या दगडाच्या तीन पायांच्या खलात वाटतात. पूर्व विदर्भात चुलीच्या निखाऱ्यावर टमाटर भाजून, साल सोलून, भाजलेली मिरची, लसूण, मीठ आणि सांभार म्हणजे कोथिंबीर घालून जी चटणी कुस्करली जाते, तिच्यात थोडा कच्चा कांदा आणि लिंबाचा रस मिसळला की ती आणि साल्सा यांत फारसे अंतर उरत नाही. साल्सात पडणारी हॅलपिन्यो मिरची मिळाली नाही म्हणून कोणी अडून बसू नये. जाड सालीची हिरवी मिरची शीर काढून घेतली तर तेच काम उत्तम करते.

बाटलीतल्या सॉसला मात्र अधिक शिस्त लागते. अमेरिकेतील लुइझियाना प्रांतात एडमंड मॅकिल्हेनी यांनी १८६८ मध्ये बाजारात आणलेला टॅबॅस्को सॉस आजही पिकल्या मिरचीचा लगदा मिठात आंबवून, लाकडी पिंपांत तीन वर्षांपर्यंत मुरवून आणि मग व्हिनेगर मिसळून तयार होतो. घरी इतका काळ थांबण्याची गरज नाही. हिवाळ्यात ओली लाल मिरची मिळू लागली की अर्धा किलो मिरची धुऊन, पुसून, देठ काढून जाडसर वाटावी, तिच्यात वजनाच्या ३ टक्के म्हणजे १५ ग्रॅम मीठ कालवावे आणि काचेच्या स्वच्छ बरणीत दाबून भरावी. बरणीचा वरचा चौथा भाग मोकळा ठेवावा, कारण मिठात तग धरणारे लॅक्टिक आम्लाचे जिवाणू कामाला लागले की वायू सुटतो आणि लगदा फुगतो; म्हणून झाकण सैल ठेवून रोज स्वच्छ चमच्याने लगदा खाली दाबावा लागतो. आठवड्याभरात बुडबुडे मंदावतात आणि आंबूस, ताज्या लोणच्यासारखा वास येतो. वर पातळ पांढरा थर आला तर तो काढून टाकता येतो, परंतु हिरवी, काळी किंवा केसाळ बुरशी दिसली तर सगळी बरणी टाकून द्यावी.

आंबलेला लगदा एक वाटी व्हिनेगर घालून बारीक वाटावा, गाळावा, पाच-दहा मिनिटे उकळावा आणि उकळत्या पाण्यातून काढलेल्या बाटलीत भरून शीतकपाटात ठेवावा. सॉस टिकतो तो आम्लामुळे, आणि घातक जिवाणूंना रोखण्यासाठी सामू (पीएच) ४.६ च्या पुरेसा खाली असावा लागतो. औषधाच्या दुकानात किंवा प्रयोगशाळेच्या सामानात मिळणाऱ्या सामू-पट्टीने तो पाहून घेता येतो. आंबट नको म्हणून व्हिनेगर वगळणे किंवा कच्चा लसूण तेलात बुडवून आठवडाभर बाहेर ठेवणे या दोन्ही गोष्टी धोक्याच्या आहेत. भंडारा हे पितळी भांड्यांसाठी नावाजलेले शहर असल्याने एक सूचना इथे विशेष करून द्यावी लागते: टमाटर किंवा व्हिनेगर असलेला कोणताही पदार्थ कल्हई नसलेल्या पितळेत शिजवू किंवा ठेवू नये, कारण आम्लाने त्यातले तांबे सुटून पदार्थात उतरते. पोलादी पातेले आणि काचेची बाटली यासाठी योग्य ठरते. गाळणीत उरलेला चोथाही वाया जाऊ द्यायचा नसतो. तो ताटात पसरून कडक उन्हात वाळवला आणि भरडून ठेवला, तर लाखोळीच्या डाळीच्या वरणावर घालायच्या फोडणीत चिमूटभर पुरतो, फक्त मीठ घालताना तो आधीच खारट आहे हे ध्यानात ठेवावे लागते.