तीन बाजूंनी काढलेलं शमादान

समईचं चित्र एका बाजूने काढलं तरी पुरतं. तिचा खांब कातलेला असतो, कुठूनही पाहा, आकार तोच. पॅरिसमध्ये १७२८ साली ज्यूस्त-ऑरेल मेसोनिए यांनी चांदीच्या एका शमादानाचा आराखडा केला, तो मात्र एका चित्रात मावला नाही. एकाच वस्तूची तीन बाजूंनी तीन चित्रं करावी लागली.

त्याचं कारण त्या आकारातच आहे. शमादानाचा पाया वळत वळत वर चढतो आणि कुठे पाया संपून दांडा सुरू झाला ते बोट ठेवून सांगता येत नाही. शिंपले, पानं, लाटेसारख्या वेलांट्या एकमेकांत मिसळलेल्या. डावी बाजू उजवीसारखी नाही, पुढची मागच्यासारखी नाही. लेथवर हे कातता येत नाही. आधी हाताने घडवायचं, मग ओतायचं आणि शेवटी छिन्नीने एकेक पान जिवंत करायचं. म्हणून मला हा आराखडा सोनाराचा कमी आणि मूर्तिकाराचा जास्त वाटतो. मूर्तीभोवती फिरावं तसं या शमादानाभोवती फिरावं लागतं, आणि कागदावर फिरता येत नाही म्हणून ही तीन चित्रं.

मेसोनिए १६९५ साली तुरिनमध्ये जन्मले. वडील मूर्तिकार आणि चांदीचे कारागीर. १७२६ पासून ते पंधराव्या लुईच्या दरबारी आराखडे करत होते. शमादानाची ती तीन चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापली गेली, म्हणून ती दूरवर पोचली. चांदीचं नशीब तसं नव्हतं. १७५९ साली युद्धाच्या खर्चासाठी राजाने चांदीची भांडी टांकसाळीत पाठवली आणि सरदारांनाही तेच करायला लावलं. त्या काळातलं कितीतरी काम असं नाण्यांत विरघळलं. कागद वितळत नाही, एवढ्यावर आपण आज हा आकार ओळखतो.

सगळ्यांना तो रुचला असं नाही. मेसोनिए १७५० साली गेले. चारच वर्षांनी खोदचित्रकार कोशँ यांनी एका मासिकात सोनारांना जाहीर विनंती केली. शमादानाचा दांडा सरळ असू द्या, कुणा द्वाडाने मुद्दाम वाकवल्यासारखा नको, असा तिचा रोख होता. मला ती टीका अन्यायाची वाटते. वाकलेपणात तिथे किती हिशेब आहे, ते तिन्ही चित्रं शेजारी ठेवली की दिसतं. एका चित्रात तोल जातोय असं वाटणारी बाजू दुसऱ्यात भक्कम उभी असते.

चांदीतलं सगळंच काम मात्र वितळलं नाही. क्लोद द्यूव्हिव्हिए या चांदीकाराने १७३४-३५ मध्ये मेसोनिएंच्या आराखड्यावरून घडवलेलं अनेक फांद्यांचं शमादान पॅरिसच्या सजावटी कलांच्या संग्रहालयात आहे.