मौजे भांबुर्डें: गांवाचें शहर कसें झालें

पुण्यास शनिवारवाड्याकडून पूल ओलांडून पलीकडे गेलें म्हणजे जो भाग लागतो, त्यास आज सर्वजण शिवाजीनगर म्हणतात. परंतु मिळकतीच्या कागदांत त्याच जागेपुढें भांबुर्डें हें नांव अद्याप आढळतें. आमची हयात महसुली दप्तरांत गेली. असें जुनें नांव दिसलें कीं आम्ही थबकतों. ज्यांचीं शेतें शहराच्या हद्दीस येऊन भिडलीं आहेत, त्या वाचकांनीं ह्या गांवाची हकीकत अवश्य ऐकावी.

भांबुर्डें हें मुठेच्या डाव्या तीरावरचें गांव. समोर कसबा, मध्यें नदी. वस्ती जुनी. पाताळेश्वराचें खडकांत कोरलेलें लेणें ह्याच शिवारांत असून तें आठव्या शतकाच्या सुमाराचें मानतात. शहर इतकें निकट असतांही गांव निराळें राहिलें, तें मुख्यतः नदीमुळें. पुढें मोकळी जमीन पाहून मोठ्या संस्था इकडे आल्या. 1885 सालीं स्थापन झालेलें फर्ग्युसन महाविद्यालय टेकडीच्या पायथ्याशीं आलें. 1907 सालीं शेतकी महाविद्यालय निघालें. 1923 सालीं गांवठाणासमोर नवा दगडी पूल झाला आणि नदीची आडकाठी संपली.

तथापि गांवाचें रूप पालटलें तें केवळ पुलानें नव्हे, कागदानेंही. 1915 सालीं मुंबई इलाख्यांत नगररचनेचा कायदा झाला व त्याखालील योजना भांबुर्ड्यास लागू झाली. तिची रीत समजून घेण्याजोगी आहे. योजनेंतील सर्व जमिनी एकत्र धरावयाच्या, रस्ते व सार्वजनिक जागा त्यांतून काढावयाच्या, आणि उरलेली जमीन सरळ बांधांचे भूखंड पाडून मालकांस परत द्यावयाची. दोन एकरांच्या वांकड्यातिकड्या शेताच्या मालकास त्याहून कमी, पण रस्त्यालगतची जागा मिळे. कधीं ती मूळ ठिकाणापासून सरकलेलीही असे. भरपाई किती द्यावी आणि वाढलेल्या किमतीपैकीं किती भाग मालकाकडून घ्यावा, हें लवाद ठरवी. वाटेल तशी घरें उठण्यापेक्षां ही रीत बरी, असें आमचें मत आहे.

अडचण येते ती खात्याच्या नांवाची. नोटीस निघते दप्तरांत ज्याचें नांव असेल त्याच्या नांवें. आजोबा वारून वीस वर्षें झालीं, वारसांची नोंद नाहीं, वाटणी तोंडीं. अशीं खातीं आम्हीं आमच्या नोकरींत पुष्कळ पाहिलीं. भाऊबंद कचेरींत येत ते बहुधा मुदत टळल्यावर, आणि मग एकमेकांस बोल लावीत. कारकुनाच्या हातीं तेव्हां फारसें कांहीं उरत नसे. (चहा मात्र तेच पाजीत.)

1950 सालीं पुण्यास महानगरपालिका झाली. तिच्या हद्दींत 2017 सालीं 11 व 2021 सालीं आणखी 23 गांवें घेतलीं गेलीं. अशा गांवांत नगर भूमापन पुरें झालें कीं सातबाराची जागा मिळकत पत्रिका घेते. जुन्या उताऱ्यांतील चूक तींत आपोआप सुधारत नाहीं. म्हणून वारसनोंद, वाटणीचा फेरफार व हद्दीची मोजणी हीं तिन्ही कामें सातबारा चालू आहे तोंच उरकावीं, आणि जुने उतारे व फेरफारांच्या नकला जपून ठेवाव्या.

भांबुर्ड्याच्या गांवठाणांत रोकडोबाचें देऊळ अद्याप आहे. नांगरही त्या शिवारांत अजून चालतो, परंतु तो शेतकी महाविद्यालयाच्या शेतावर.